पातं ‘तुटलं’, इंजिन ‘बंद केलं’

अपघाताचा सरकारी अहवाल हा काही कुणी समीक्षेसाठी निवडावा असा ग्रंथ नव्हे. त्याला लेखक नसतो, शैली नसते, असं आपण धरून चालतो. पण ब्रिटनच्या विमान अपघात तपास यंत्रणेने, म्हणजे एएआयबीने, १९९० मध्ये प्रसिद्ध केलेला ४/९० क्रमांकाचा अहवाल वाचताना हे गृहीतक टिकत नाही. हा केगवर्थच्या अपघाताचा अहवाल. ४७ माणसं का मेली हे त्याला सांगायचं आहे. जेट इंजिनातलं एक पातं कंपनामुळे कसं तुटलं, याचा अत्यंत बारकाईने घेतलेला शोध त्यात आहे. दोन वैमानिकांनी चुकीचं इंजिन कसं बंद केलं, याचाही शोध आहे. दोन्ही शोध एकाच अहवालात आहेत, पण एकाच पद्धतीने लिहिलेले नाहीत. धातूच्या बाबतीत अहवालाने दाखवलेली चिकाटी माणसांच्या बाबतीत निष्कर्षापर्यंत टिकत नाही, असं माझं म्हणणं आहे. आणि हा फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो तो क्रियापदांत.

घडलं काय

८ जानेवारी १९८९, रविवार. ब्रिटिश मिडलंडचं बोइंग ७३७-४०० हे विमान संध्याकाळी लंडनच्या हीथ्रोवरून बेलफास्टला निघालं. १२६ माणसं. विमान काही महिन्यांचंच, जवळपास नवंकोरं. उड्डाणानंतर तेरा-चौदा मिनिटांनी, २८ हजार फुटांच्या वर चढत असताना, डाव्या इंजिनाच्या फॅनमधल्या एका पात्याचा बाहेरचा तुकडा तुटला. विमान थडथडू लागलं, मोठे आवाज झाले, केबिनमध्ये धूर आणि जळका वास आला. मागे बसलेल्या अनेकांना डाव्या इंजिनातून ज्वाळा निघताना दिसल्या.

कॉकपिटमध्ये मात्र ज्वाळा दिसत नव्हत्या. कॅप्टनने विचारलं, कोणतं इंजिन? को-पायलट ‘डावं’ म्हणता म्हणता अडखळला आणि ‘उजवं’ म्हणाला. उजव्या इंजिनाची शक्ती कमी केली गेली आणि नेमकी त्याच वेळी थडथड थांबली. आपण बरोबर इंजिन पकडलं, असं दोघांना वाटलं. उजवं इंजिन पूर्ण बंद झालं. विमान ईस्ट मिडलंड्स विमानतळाकडे वळवलं. उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात वेग राखण्यासाठी डाव्या इंजिनाकडून जास्त शक्ती मागितली, तेव्हा आधीच जखमी असलेलं ते इंजिन कोसळलं. धावपट्टी जेमतेम एक किलोमीटरवर असताना विमान एम-१ महामार्गाच्या भरावावर आदळलं. ३९ जण जागीच गेले, ८ नंतर. तुटलेलं पातं आणि हा भराव यांच्यामध्ये सुमारे वीस मिनिटं होती.

धातूला विचारलेले ‘का’

एक तांत्रिक गोष्ट आधी. आपण सरसकट ‘टर्बाइनचं पातं’ म्हणतो, पण इथे तुटलं ते इंजिनाच्या अगदी तोंडाशी असलेल्या फॅनचं पातं. सीएफएम५६-३ मालिकेच्या इंजिनात अशी ३८ टायटॅनियम मिश्रधातूची पाती असतात आणि ती मिनिटाला पाच हजारांच्या आसपास फेऱ्या मारतात. टर्बाइन मागे, आगीच्या तोंडाशी असतं. तिथे उष्णता हाही शत्रू. फॅनमध्ये हवा थंड असते, पण कंपनाचा शत्रू दोघांना सामाईक आहे.

अहवालाचा हा भाग एखाद्या चांगल्या रहस्यकथेपेक्षा सरस आहे, कारण इथे गुन्हेगार सापडला तरी कथा थांबत नाही. पातं का तुटलं? ‘फटीग’मुळे. लोखंडी तार हातात धरून पुन्हापुन्हा वाकवली की तुटते, तेच. फरक इतकाच की पात्याचं वाकणं डोळ्यांना दिसणारही नाही इतकं बारीक असतं, पण ते अमाप वेळा होतं. सेकंदाला २०० हेलकावे धरले तर तासाला ७ लाख २० हजार होतात आणि दीड तासात दहा लाखांचा आकडा ओलांडला जातो. कुठेतरी एक चीर सुरू होते, प्रत्येक हेलकाव्याला किंचित पुढे सरकते, आणि उरलेल्या धातूला भार पेलेनासा झाला की एका क्षणात तुकडा सुटतो. तुटलेल्या कडेवर या प्रवासाच्या खुणा उरतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या वाचता येतात.

पण मग इतकं कंपन का? नव्या विमानातल्या नव्या इंजिनाला? आपल्याला रेझोनन्स माहीत असतो. झोक्याला त्याच्या लयीत धक्का दिला की तो उंच जातो. इंजिनाचे डिझायनर हे आधीच मोजतात आणि पात्याच्या नैसर्गिक लयी इंजिनाच्या नेहमीच्या वेगांपासून दूर ठेवतात. फ्लटर हा वेगळा प्रकार. त्यात लयीत धक्के देणारं कुणी बाहेरून लागत नाही. गच्चीवर वाळत घातलेली चादर आठवा. वारा एकसारखा वाहत असला तरी चादर फडफडते. ती हलते म्हणून तिच्याभोवतीचा वारा बदलतो आणि वारा बदलतो म्हणून ती आणखी हलते. पात्याचं असं झालं की कंपन स्वतःच स्वतःला पोसतं.

मग हे चाचणीत का दिसलं नाही? कारण जास्त शक्तीचा हा नवा प्रकार, ३सी-१, जमिनीवरच्या चाचण्यांच्या जोरावर प्रमाणित झाला होता. हे कंपन मात्र दहा हजार फुटांच्या वर, इंजिन चढाईच्या मोठ्या शक्तीवर असताना सुरू होत होतं. जमिनीवरच्या हवेत ते दिसत नव्हतं. मग हवेत चाचणी का केली नाही? कारण तेव्हाच्या नियमांना तिची गरज वाटत नव्हती.

हे चार ‘का’ एकापुढे एक ठेवून पाहा. सुरुवात एका पात्यापासून होते आणि शेवट नियमावलीत होतो. वाटेत कुठेही कुणी पात्याला दोष दिलेला नाही. पातं निष्काळजी होतं, घाईत होतं, असं कुणी म्हणत नाही. ते ज्या परिस्थितीत होतं तिथे तुटणारच होतं, मग ती परिस्थिती कुणी आणि कशी निर्माण केली हाच प्रश्न उरतो. अपघात तपासाची ही खरी नीती आहे.

माणसांना विचारलेले ‘का’

वैमानिकांबद्दलही अहवाल उथळ नाही, हे आधी मान्य करायला हवं. त्या काळाच्या मानाने त्याने फार पुढचं पाहिलं आहे. दोघांनी चुकीचं इंजिन कसं निवडलं, याचे धागे विश्लेषणाच्या प्रकरणात नीट उलगडले आहेत.

कॅप्टनला वाटलं की धूर प्रवाशांच्या केबिनकडून येतोय. विमानातल्या हवेच्या व्यवस्थेची त्याला जी माहिती होती तिच्यावरून याचा अर्थ उजवं इंजिन असा निघत होता. थडथड थांबली ती उजवं इंजिन मंदावल्यामुळे नाही. त्याआधी ऑटोथ्रॉटल सोडवला होता, त्यामुळे डावं इंजिन थोड्या कमी वेगावर स्थिरावलं होतं. दोन घटना एकामागोमाग घडल्या आणि मेंदूने त्यांना कार्यकारणाचा दोर बांधला. पुढे कॅप्टन ‘आपण नेमकं काय काय पाहिलं’ याची उजळणी सुरू करतो, तेवढ्यात रेडिओवर बोलावणं येतं आणि उजळणी अर्धीच राहते. को-पायलट नव्या विमानतळाची माहिती फ्लाइट कॉम्प्युटरमध्ये भरायला धडपडत असतो, ती भरली जात नसते. अहवालातला हा भाग वाचताना पोटात गोळा येतो. कुणीही झोपलेलं नाही, दोघंही सतत काम करत आहेत.

आणि मग तो कंपनाचा मीटर. प्रत्येक इंजिनासाठी एक, आकाराने लहान. डाव्या इंजिनाचा मीटर पातं तुटताच मोजपट्टीच्या टोकाला गेला होता. उत्तर समोर लिहिलेलं होतं. ते वाचलं का गेलं नाही? कारण जुन्या विमानांमधले कंपनाचे मीटर भरवशाचे नव्हते. वैमानिकांच्या पिढ्या त्यांच्याकडे काणाडोळा करायला शिकल्या होत्या. नव्या विमानातला मीटर भरवशाचा होता, पण हा फरक प्रशिक्षणातून ठसवलेला नव्हता. शिवाय जुन्या डायलमधला लांब काटा जाऊन तिथे कडेने सरकणाऱ्या छोट्या एलईडी खुणा आल्या होत्या. या नव्या पॅनेलचा सिम्युलेटर या वैमानिकांना मिळालेला नव्हता. बिघडलेलं इंजिन या पॅनेलवर कसं दिसतं, हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते खरोखर बिघडलेल्या इंजिनासोबत.

सर्व्हरवर लक्ष ठेवण्याचं काम केलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. रोज दहा खोटे अलर्ट देणारा डॅशबोर्ड अकराव्या दिवशी खरं बोलला तरी कुणी पाहत नाही. तुमच्या फोनवरची नोटिफिकेशन आठवा. त्यातली किती तुम्ही न वाचता बाजूला सारता? सवय आळसातून लागलेली नसते, अनुभवातून लागलेली असते. अनुभव बदलल्याशिवाय ती जात नाही.

म्हणजे इथेही ‘का’ची साखळी पात्याइतकीच लांब आहे. मीटर का पाहिला नाही? विश्वास नव्हता. विश्वास का नव्हता? जुने मीटर. नवा मीटर वेगळा आहे हे का कळलं नाही? प्रशिक्षण. प्रशिक्षण तसं का? कारण नवं विमान ही जुन्याचीच सुधारित आवृत्ती आहे, थोडक्यात शिकवलं तरी चालेल, असं व्यवस्थेला वाटलं. ३सी-१ इंजिनाबद्दलही नेमकं हेच वाटलं होतं. जुन्याचीच वाढवलेली आवृत्ती, जमिनीवर तपासली तरी चालेल. पातं आणि वैमानिक एकाच समजुतीचे बळी आहेत. हे दोन धागे अहवालाच्या हातात होते. त्याने ते एकत्र बांधले नाहीत.

निष्कर्षाचं व्याकरण

अपघाताचं कारण सांगणारं वाक्य अहवालात शेवटाकडे येतं. त्याचा आशय असा: डाव्या इंजिनातलं फॅनचं पातं तुटल्यानंतर वैमानिकांनी उजवं इंजिन बंद केलं, आणि उतरताना शक्ती वाढवल्यावर डावं इंजिन निकामी झालं. मग पाच मुद्दे येतात. हे कंपन, आवाज आणि वास त्यांच्या प्रशिक्षणाच्या आणि अनुभवाच्या पलीकडचे होते. त्यांनी घाईने आणि प्रशिक्षणाला सोडून प्रतिक्रिया दिली. मीटरवरचं त्यांनी नीट टिपलं नाही. उजवं इंजिन मंदावताच थडथड थांबल्याने त्यांची खात्री पटली. आणि ज्वाळा अनेकांना दिसल्या तरी त्यांना सांगितलं गेलं नाही.

पहिल्या दोन मुद्द्यांकडे पाहा. एकात परिस्थिती प्रशिक्षणाच्या बाहेरची आहे, दुसऱ्यात वागणं प्रशिक्षणाच्या विरुद्ध आहे. यावर बचाव असा करता येईल की ‘आधी थांबा, खात्री करा’ हे शिकवलेलं होतं, प्रसंग कितीही अनोळखी असला तरी. मान्य. पण मग अनोळखी प्रसंगात थांबण्याचा सराव कुणी आणि कशावर करून घ्यायचा होता, हा प्रश्न या यादीत नाही. पाचव्या मुद्द्यात तर सांगणाराच नाहीसा झाला आहे. सांगितलं गेलं नाही. कुणाकडून?

आता मुख्य वाक्य मराठीत नीट म्हणून पाहू. पातं तुटलं. इंजिन बंद केलं. मराठी आपल्याला इथे निवड करायला लावते. ‘तुटलं’ अकर्मक आहे, त्यात तोडणारा कुणी नाही. ‘बंद केलं’ सकर्मक आहे, त्यात ‘वैमानिकांनी’ हा कर्ता आलाच. इंग्रजी वाक्यातही पातं आपोआप तुटतं आणि इंजिन मात्र कुणीतरी बंद करतं. वास्तविक पात्यालाही तोडणारे होते: फ्लटर, न झालेली चाचणी, अपुरा नियम. अहवालानेच ते शोधून काढले. पण कारणाच्या वाक्यात त्यांना जागा मिळाली नाही. तिथे कर्ता म्हणून दोनच माणसं उभी आहेत.

आपल्या भाषेत आणखी एक सोय आहे. ‘मी कप फोडला’ आणि ‘कप फुटला’ यांच्या मध्ये ‘माझ्याकडून कप फुटला’ असं म्हणता येतं. हात माझाच होता, हे त्यात लपत नाही. पण इराद्याचं ओझंही लादलं जात नाही. ‘त्यांच्याकडून उजवं इंजिन बंद झालं’ हे वाक्य केगवर्थबद्दल जास्त खरं आहे. ते ऐकणारा लगेच विचारतो, कसं काय? ‘त्यांनी बंद केलं’ हे ऐकणारा म्हणतो, अरेरे, आणि पान उलटतो.

ही सोय पळवाट म्हणूनही वापरली जाते, हे खरंच. ‘चूक झाली’ म्हणणारे पुढारी आणि साहेब आपण रोज ऐकतो. पण तिथे माणूस स्वतःबद्दल बोलत असतो. इथे एक संस्था दुसऱ्यांबद्दल बोलते आहे, आणि दोष ठरवणं हा आपला हेतू नाही असं या प्रकारच्या तपासाचं घोषित तत्त्व आहे. तत्त्व असं असेल तर व्याकरणही तसं हवं.

‘पण त्यांनी बंद केलंच ना?’

हा आक्षेप वजनदार आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. दोन इंजिनांचं विमान एका इंजिनावर उतरू शकतं. उजवं इंजिन चालू राहिलं असतं तर ती ४७ माणसं बहुधा घरी गेली असती. याहून ठोस पुरावा म्हणजे त्याच वर्षी जूनमध्ये, दोन दिवसांच्या अंतराने, आणखी दोन ७३७-४०० विमानांत याच प्रकारची पाती याच प्रकारे तुटली. एक डॅन-एअरचं होतं, एक ब्रिटिश मिडलंडचंच. दोन्ही सुखरूप उतरली. पातं तेच, बिघाड तोच. मग फरक वैमानिकांचाच नाही का?

फरक होता, पण तो माणसांच्या दर्जाचा नसावा. जूनमध्ये ही विमानं उडवणाऱ्या वैमानिकाला केगवर्थ माहीत होतं. असं इंजिन थडथडलं तर काय होऊ शकतं आणि कुठे पाहायचं, हे ४७ माणसांच्या किमतीत सगळ्यांना कळलं होतं. जानेवारीतल्या दोघांना ते कळायला मार्ग नव्हता. या तुलनेतून माहितीची ताकद सिद्ध होते, त्या दोघांचा नालायकपणा नव्हे. आणि तिसरं पातं तुटल्यावर काय झालं? या इंजिनांची शक्ती कमी करायला लावली, हवेत चाचण्या घेतल्या, पात्यात बदल झाले. पात्यांना कुणी ‘जपून’ म्हणून सांगितलं नाही.

दुसरी तुलना अमेरिकेतली. १७ एप्रिल २०१८ ला साउथवेस्टच्या १३८० क्रमांकाच्या विमानात सीएफएम५६ घराण्यातल्याच नव्या पिढीच्या इंजिनाचं फॅनचं पातं तुटलं. तिथे चीर पात्याच्या मुळाशी होती आणि कारण फ्लटर नव्हतं. एका प्रवासी स्त्रीचा मृत्यू झाला, विमान फिलाडेल्फियाला उतरलं. तिथल्या तपास मंडळाच्या कारणाच्या वाक्याची सुरुवात पात्यातल्या चिरेपासून होते. वैमानिक त्या वाक्यात नाहीतच, कारण त्यांनी आपलं काम उत्तम केलं होतं. म्हणजे माणूस यशस्वी झाला की कारण धातूत, माणूस अडखळला की कारण माणसात. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, पण दोन अहवाल शेजारी ठेवले की तो दिसतो.

गप्प राहिलेले

अहवालात मला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग प्रवाशांचा आहे. कॅप्टनने घोषणा केली की उजव्या इंजिनात बिघाड झाला होता आणि ते बंद केलं आहे. मागे बसलेल्या लोकांनी डाव्या बाजूला ज्वाळा पाहिल्या होत्या. केबिन क्रूपैकी तिघांनीही. कुणी उठून सांगितलं नाही. अहवाल त्यांना दोष देत नाही, आणि ते योग्यच आहे. त्यांना माहीत असलं पाहिजे, आपण काय बोलणार, हे कोणत्याही ऑफिसातल्या ज्युनिअरला समजावून सांगावं लागत नाही.

पण हीच समजूत कॉकपिटमधल्या दोघांपर्यंत का पोचत नाही? ज्यांनी ज्वाळा पाहिल्या आणि बोलले नाहीत, त्यांना परिस्थितीचा फायदा मिळतो. ज्यांना ज्वाळा दिसूच शकत नव्हत्या, त्यांच्या नावावर कारण लिहिलं जातं. दोघेही वैमानिक अपघातात गंभीर जखमी झाले होते. पुढे दोघांचीही नोकरी गेली.

या अहवालाने ३१ शिफारशी केल्या, आणि त्यांचं मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. कंपनाच्या मीटरकडे वैमानिकांनी कसं पाहावं, डिस्प्ले कसे असावेत, केबिन आणि कॉकपिट यांच्यात बोलणं कसं व्हावं, आदळताना प्रवाशाने कसं बसावं, यावर नंतर झालेल्या कामाने कितीतरी जीव वाचले असतील. शिफारशी व्यवस्थेला उद्देशून आहेत, म्हणजे कर्ता कोण हे अहवालाला ठाऊक होतं. फक्त कारणाच्या वाक्यात त्याने ते लिहिलं नाही. आणि जग अहवालातलं एकच वाक्य लक्षात ठेवतं. आजही केगवर्थ म्हटलं की लोक म्हणतात, ते नाही का, चुकीचं इंजिन बंद केलेले.

हा अहवाल इंटरनेटवर मोफत मिळतो. शेकडो पानं आहेत. सगळी नाही वाचली तरी चालतील. पात्याचा भाग आणि वैमानिकांचा भाग लागोपाठ वाचा, मग कारणाचं वाक्य वाचा. पुढच्या वेळी एखाद्या पुलाच्या, रेल्वेच्या किंवा हॉस्पिटलातल्या दुर्घटनेच्या बातमीत ‘मानवी चूक’ हे दोन शब्द दिसतील, तेव्हा तिथे ‘का’ किती वेळा विचारला गेला आहे, ते मोजून पाहा.